जावयाला झब्बू

झब्बूला दहा माणसं जास्त होतात म्हणता? चाकणला माझ्या सासुरवाडीत आम्ही बाराजण बसलो होतो. तेव्हा पिंपरीतला कारखाना नवा, मी त्यात नवा आणि जावईही नवाच. अधिक महिन्यात धोंड्याला गेलेलो. ज्याच्या हातात शेवटी पानं उरतील तो गाढव, त्यानं अंगणात जाऊन ओरडून यायचं.

मला लोडाशी बसवलं. पहिल्याच डावात माझा इस्पिक एक्का वर आणि मेहुण्याकडं इस्पिक संपलेलं. म्हणजे झब्बू, सगळा ढीग माझ्या गळ्यात. तर तो पानं पालथी ठेवून म्हणतो, "ऱ्हाऊ द्या, पाव्हण्यांना नगं."

दर डावात असंच. मी सगळ्यांत आधी सुटायचो आणि बाकीच्यांचं हसणं बघत बसायचो. शेवटी सासऱ्यांना म्हटलं, "मामा, मलाही द्या की झब्बू."

"जावयाला गाढव करायचं? गाव काय म्हणंल?"

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. "द्या की आबा," ती म्हणाली, "ह्यांना सवय हाय. घरी आमी दोघंच खेळतो."

पुढच्या डावाला मी अंगणात ओरडून आलो. बघतो तर माझा लोड सासऱ्यांच्या पाठीला. म्हणाले, "बसा तिकडं, पानं पिसा."