वरातीची चाल पालखीला

सोमवारी औंढ्याच्या गाडीला उशीर होता. कळमनुरीच्या स्टँडवर माझ्या शेजारी बँडमधले म्हातारे नासेरउस्ताद आणि त्यांचा शागीर्द रामकिशन बसले होते.

"उस्ताद, तुमची वरातीची चाल म्या ऑर्गनवर बसवली. महादेवाच्या पालखीसाठी, एकदम संथ."

"ज्या चालीवर म्या घोडे नाचवले, तिला तू झोपवलंस व्हय?"

"मोबाईलवर ऐका तर. तुमी न्हाई म्हनलं तर न्हाई वाजवनार."

"लाव... हं... थांब. इथं चाल मधीच काहून तुटली?"

"क्लॅरनेट वाजवताना तुमी तिथंच थांबायचे. म्या बराबर तसंच ठेवलं."

"अरे येड्या, तिथं माझा दम सरायचा! तुझ्या ऑर्गनला कुठं छाती हाय? काढ ते."

"न्हाई काढत."

"माझी तकलीफ साऱ्या गावाला ऐकवतोस?"

"न्हाई, उस्ताद. काल तालमीत पालखीवाल्यांनी तिथंच खांदा बदलला. तेवढीच उसंत भेटती त्यांला."

"...असं व्हय. मंग आजून जरा जास्त थांब तिथं. म्हातारे बी असतेत खांद्याला."

"आमच्यात सगळे जवान हायेत. म्हातारं कोन?"

"मी येऊन राहिलो ना."