दादाचं विमान आणि कावळ्याला दिलेला शब्द

...न्हाई, तुमीच सांगा, म्हशीच्या शेपटीचा एक केस! एक! अख्खी म्हैस मागितली का मी? गेलो मागनं, धरली शेपटी, उपटला केस, तर तिनं असली लाथ घातली की मी थेट केशरकाकूच्या चाऱ्यात जाऊन पडलो! केशरकाकू म्हणजे आमची शेजारीण. गावात बी शेजारीण, अन् आता दुष्काळात जनावरं घेऊन चारा छावणीत आलो तर हितं बी शेजारीण. तिला वाटलं मी चारा चोरतोय. "मेल्या, भाऊ जाऊन साल न्हाई झालं अन् म्हशींच्या शेपट्या वढत हिंडतूस?" आता हिला काय सांगू, की काकू, विमानाच्या टपापासून शेपटापर्यंत एक तार असती, अन् तसली बारीक काळी तार केजच्या बाजारात बी मिळंना... विमान म्हणलं की समदे असे बघतेत, की बिचाऱ्याचं डोस्कं गेलं. डोस्कं जाग्यावर हाय वो! पण करता काय? कावळ्याला शब्द दिलता ना!

तुमाला सांगतो, पहिल्यापासून सांगतो. माझा दादा, शहादेव. माझ्याहून सात वर्सांनी मोठा. गेल्या साली कावीळ झाली अन् एकवीस दिवसांत... जाऊ द्या. तिकडं गेलो की मला बोलता येत न्हाई, अन् मग तुमी उठून जाता. विमानाचं सांगतो.

मी सहा वर्सांचा असंल तवा. गावच्या दूध सोसायटीची सभा, अन् सभेत सोडत. पहिलं बक्षीस दुधाचा कॅन, दुसरं बादली, अन् तिसरा नंबर आमच्या आबाचा, वडील तवा व्हते! आबा गेले पळत, तर हातात खोकं. वर विमानाचं चित्र, आत प्लास्टिकचे शंभर बारीक तुकडे, अन् इंग्रजीत कागद. चेअरमनच्या पाव्हण्याच्या घरी कवापासून पडून व्हतं म्हणं, दिलं ढकलून बक्षिसात. आबा भर सभेत उभे ऱ्हायले, "चेअरमन साहेब, ह्याची धार कुठनं काढायची?" समदी सभा हसली. पण दादा? दादाला सोन्याची खाण घावली! दोन महिने बसला. अक्षर वाचता येईना, चित्रं बघून बघून जोडलं. करडं विमान, आत बोटाच्या पेराएवढा पायलट.

अन् मी काय केलं? मला सांगा, विमान हाय म्हणल्यावर उडलं पायजे का न्हाई? चढलो माळवदावर, दिलं सोडून! उडलं बी... सरळ खाली. खाली म्हैस. म्हशीनं पाय ठिवला.

दादानं मारलं न्हाई. हितंच तर घोटाळा झाला! दोन कानाखाली हाणल्या असत्या तर तवाच फिटलं असतं का न्हाई? त्यानं गुमान तुकडे वेचले, डालड्याच्या डब्यात भरले, म्हणला, "करू रे बारक्या, निवांत करू." पायलट तेवढा घावंना. मी म्हणलो, "म्हशीनं खाल्ला." दादानं दोन दिवस शेण चिवडलं वो! अन् खरं सांगू? पायलट माझ्या खिशात व्हता. पवायला शिकवावं म्हणून नेला हिरीवर, अन् तो बुडाला. हे आजवर कुणाला सांगितलं न्हाई.

तर दादाचा दहावा. नदी कोरडी ठाक. पिंड ठिवला अन् बसलो समदे वर बघत. कावळा शिवला पायजे, न्हाई तर गेलेल्याची इच्छा ऱ्हायली म्हणायची. पण कावळाच न्हाई! एक न्हाई! दोन वर्सं पाऊस न्हाई तर कावळे कशाला थांबतेत? म्हाळू, माझा दोस्त, वेल्डिंगचं दुकान हाय त्याचं, तो म्हणला, "बे, कावळे समदे छावणीत हायेत. पाणी बी तिथंच, दाणा बी तिथंच." उचलला पिंड, आलो छावणीत. बाभळीवर एक कावळा बसलेला, पोट भरलेला. बघतोय, पर हलंना. आई म्हणली, "शाद्या, धाकट्याचं लगीन करते रं, काळजी करू नको." न्हाई! सुंदरराव, सोसायटीचे सेक्रेटरी, हात जोडून म्हणले, "शहादेवराव, आपलं सभासदत्व बंधूंच्या नावे वर्ग करण्यात येईल." तर कावळ्यानं पाठ फिरवली! दुपार झाली. आई रडायला लागली. मला काय झालं काय म्हाईत, उठलो अन् वरडलो, "दादा! तुझं विमान जोडून देतो! पायलटासकट! वर्ससराद्धाच्या आत!"

आला वो खाली. टुणकन. अन् खाल्लं.

समदा गाव माझ्याकडं बघतोय. आई म्हणली, "आता जोड."

मला धड चौथी पास हुता आलं न्हाई! पण कावळ्याला शब्द दिलता ना!

काढला डालड्याचा डबा. आत एक पंख, अर्धं शेपूट, कागद उंदरानं खाल्लेला. म्हशी छावणीत, म्हणून मी छावणीत, म्हणून विमान बी छावणीत. दुधाच्या कॅनचं फुटकं झाकण घेतलं, म्हाळूनं पत्र्याच्या कात्रीनं कापून पुढचा पंखा केला. चाकं? जनावराच्या डॉक्टरच्या इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं! कशी फिरतेत सांगू! लहानपणी चिपाडाच्या गाड्या करायचो ना आमी, तसं ज्वारीच्या ताटाच्या पांढऱ्या गाभ्यातून दुसरा पंख कोरला. ते ताट बी म्हशीच्या तोंडातून वढून घेतलं, तवापासून ती माझ्यावर डूख धरून हाय. चांगला आठ दिवस कोरला, तर म्हाळू म्हणतो, "बे, दोन्ही डावेच की रं!" कोरा परत! पायलटाच्या वरचं काचेचं टोपण फुटलेलं. ते कशाचं केलं... दादाच्या उशाखाली गोळ्यांचं पाकीट निघालं. सोळा गोळ्या तशाच. एका गोळीचा फुगा कापला. बरोबर बसला. काही घासावं बी लागलं न्हाई.

जाऊ द्या. रंगाचं ऐका!

मला पायजे करडा, चित्रात हाय तसा. पण छावणीत दोनशे माणसं, काम कुणालाच न्हाई, समद्यांचं ध्यान माझ्या विमानावर. एक म्हणतो पिवळा, एक म्हणतो निळा. सुंदररावांनी घेतली की सभा! "विषय क्रमांक एक, विमानाचा रंग. सूचक म्हाळू, अनुमोदक केशरबाई, रंग लाल असावा. सर्वानुमते मंजूर!" म्हणलं, साहेब, माझा विरोध लिवा. "आपण सभासद कुठं आहात? वर्ग करण्याचं काम चालू आहे." मग काय! पोळ्याला बैलांच्या शिंगांला लावून उरलेला लाल रंग लावला. विमान असं दिसायला लागलं, की आता ढुशी मारतंय का मग!

शेवटी पायलट. तो कुणाला हात लावू दिला न्हाई. गाभ्याचा कोरला, पेराएवढा. काजळानं मिशी काढली, डावीकडं जरा बारीक, दादाची तशीच व्हती. आईनं बघितला. नुसती त्याच्या डोक्यावरची भुकटी फुकली.

कालच्याला वर्ससराद्ध. परत छावणीतच, कावळे हितंच ना! पानात वडे, खीर, कढी, अन् बाजूला पाटावर लाल विमान. केशरकाकूनं नव्या गाडीला बांधतेत तसं लिंबू-मिरची बांधली. त्या वजनानं विमान नाकावर पडलं, टोपण निघालं. मी बसवायला उठलो, तर म्हाळूनं हात धरला, "थांब, आला!"

आला. तोच असंल, न्हाई तर त्याचा भाऊ. वड्याकडं बघितलं न्हाई. खिरीकडं बघितलं न्हाई. विमानावर बसला, मान वाकडी केली, आत चोच घातली... अन् पायलट घेऊन उडाला!

समदी छावणी उठून उभी. सुंदरराव हळूच म्हणले, "स्वीकारलं!" केशरकाकू म्हणली, "अगं बाई, मिशीसकट नेला!" अन् आई हसली. साल झालं, पहिल्यांदा हसली, डोळे पुसत पुसत हसली. म्हणली, "त्याचं त्यो घेऊन गेला रं. तू आता गप जेव."

जेवलो. पण मला सांगा, आता कुणी इचारलं विमानाचा पायलट कुठाय, तर सांगू काय? पहिला म्हशीनं खाल्ला म्हणलो, ते खोटं, तरी दादानं दोन दिवस शेण चिवडलं. हा खरंच कावळ्यानं नेला, तर मी कुठं चिवडू? समदा गाव मान वर करून ढग हुडकतोय... अन् त्याच्यात मी एकटाच, पायलट हुडकतोय.