इंद्रजीतच्या गाडीची भिंत

मीराबाई : इंद्रजीत भाऊजींचं पत्र डिसेंबरात आलं, आता एप्रिल लागला. फोनवर त्यांले ऐकू येत नाही, म्हणून बिचाऱ्यानं पत्र लिहिलं. अन् तुमी उत्तराच्या दोन ओळी नाही लिहिल्या अजून.

धर्मपाल : प्रयोग करून राहिलो ना, मीरा. पक्कं कळल्याशिवाय काय लिहू?

मीराबाई : पलंगाखाली लाकडाच्या पट्ट्या, पट्ट्यांवर तुमचे जाडे ग्रंथ. आंघोळीची बादली गच्चीत टांगून ठेवली. काल सूनबाई चेतना काय म्हणे, ‘पापा लैब खोल रहे हैं क्या?’

धर्मपाल : सांगायचं तिले, डिंक तपासून राहिले. इंद्रजीतच्या घरगाडीची भिंत फुगली. बाहेरचा फायबरचा पत्रा आतल्या प्लायपासून सुटला. कोणत्या डिंकानं चिकटवू, एवढंच त्यानं विचारलं.

मीराबाई : एवढंच नाही. बुद्धपौर्णिमेले बायकोले, सरलाबाईले घेऊन बोधगयेले पोचायचं, हेबी लिहिलं. कंबर मोडल्यापासून तिले रेल्वेत बसवत नाही. त्या गाडीत पलंग आहे म्हणून तर जुनी असून घेतली त्यांनी. पौर्णिमेले महिना राहिला.

धर्मपाल : म्हणून तर भीती वाटते. चालत्या गाडीचा पत्रा उडाला तर?

मीराबाई : तेलीबांध्याच्या बाजारातून चार डिंक आणले होते ना? त्यांचं काय झालं?

धर्मपाल : पांढरा पाण्यात विरघळला. रबराचा गच्चीच्या उन्हात ढिला पडला. फेसाळणारा बरा होता, पण जोडाच्या मधात पोकळी ठेवतो. दोन डब्यांचा इपॉक्सी… त्याची पट्टी तुटली.

मीराबाई : किती वजनावर?

धर्मपाल : बादलीत सतरा लिटर पाणी झालं, तेव्हा.

मीराबाई : आणा इकडं. अवो, जोड कुठं सुटला? लाकूड फाटलं हे!

धर्मपाल : हो. म्हणजे डिंक लाकडाहून मजबूत निघाला.

मीराबाई : अन् वहीत ‘तुटली’ लिहून बसले!

धर्मपाल : ती कोरडी पट्टी होती. ओल्या पट्टीवर तोच डिंक केळीच्या सालीसारखा निघाला. त्याच्या भिंतीत पाणी मुरलं आहे, मीरा.

मीराबाई : मंग ओली पट्टी वाळवून नाही पाहिली?

धर्मपाल : पाहिली. आठ दिवस वाळवली, मंग चिकटवली. टिकली.

मीराबाई : झालं की! आधी वाळव, मंग चिकटव. काहून अडून राहिले?

धर्मपाल : आमी दोघं होतो त्या कारखान्यातलं आठवते तुले? पार्टिशनचा जोड मी पास केला होता. तो सुटला. माझ्या भरवशावर कागदावर सही इंद्रजीतनं केली होती, चार्जशीट त्याले भेटली. मी बाजूले उभा होतो. एक शब्द नाही बोललो.

मीराबाई : त्यांनी कधी काढला तो विषय?

धर्मपाल : कधीच नाही.

मीराबाई : मंग बायकोले त्या गाडीत झोपवायचं आहे, अन् विचारलं कोणाले? त्यांच्या वर्ध्यात डिंकवाले मेले का सारे?

धर्मपाल : ‘तू सांगशील तोच लावीन,’ असं लिहिलं त्यानं.

मीराबाई : बसा मंग लिहायले. डिंकाचंबी लिहा, भीतीचंबी लिहा. अन् कारखान्याचंबी. मी चहा ठेवते.

(संध्याकाळी, शंकर नगरातल्या टपालपेटीपाशी.)

मीराबाई : किती पानं झाली?

धर्मपाल : डिंकाचं अर्धं. बाकी तीन त्या सहीची. एकदा वाचून पाहू का?

मीराबाई : घरून निघताना वाचलं, चौकात वाचलं. टाका आता.

धर्मपाल : पत्ता बरोबर आहे ना?

मीराबाई : तीस वर्षांपासून तोच आहे. टाका.

धर्मपाल : हं.

मीराबाई : हात काढा बाहेर.

धर्मपाल : पण पडलं का खाली? मले आवाज नाही आला.

मीराबाई : मले आला. चला.