त्र्याण्णव टक्के

— नाही ताई, वहीतलं शुद्धलेखन बघू नका, माफ करा, नववीत शाळा सुटली माझी आणि बोलायलाही साधेच शब्द येतात — चाली तेवढ्या बघा. फोनने तुमच्या पायलची ॲक्युरसी, म्हणजे चाली किती बरोबर ते, ब्याण्णव टक्के दाखवली, मग आता माझ्या बुद्धिबळाच्या क्लासची गरज काय, असंच विचारताय ना? ब्याण्णव वाईट नाही, मी कुठे वाईट म्हणतो — पण समोरचा दहाव्या चालीला वजीर घालवून बसला की माझीपण अठ्ठ्याण्णव येते, त्यात मी काय शिकलो? काहीच नाही.

थांबा, हे पान बघा. हा हिरामणकाकांबरोबरचा डाव. अंबरनाथच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले, दर रविवारी इथे विहारात यायचे, घोडा कसा चालतो तेसुद्धा मला त्यांनीच शिकवलं. त्या दिवशी त्यांनी हत्ती दिला. फुकट. मी घेतला — आणि पुढच्या सहा चालींत मलाच मात! मग मी सगळ्यांसमोर डाव फोनमध्ये टाकला. मी त्र्याण्णव, काका एकसष्ट, हत्तीची चाल चूक. आणि मी बोललो — काय गरज होती? — पण बोललो, "काका, जिंकलात तुम्ही, पण बरोबर मी खेळलो." सगळे हसले. काकांनी सोंगट्या डब्यात भरल्या, म्हणाले, "मग मशीनबरोबरच खेळ." तीन रविवार आले नाहीत.

का बोललो? ताई, गणितात मला एकोणीस होते. आता जीन्सच्या कारखान्यात दिवसभर बटणं लावतो, तिथे कोण मार्क देतंय? त्र्याण्णव म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच — स्क्रीनशॉट काढून ठेवला होता मी, आईला दाखवला होता. तिला बुद्धिबळातलं काही कळत नाही, तरी दोनदा बघितला तिने. — जाऊ दे, हे तुम्हाला कशाला सांगत बसलोय.

तर तिसऱ्या रविवारी मी तो डाव परत बघितला. उरलेले सात कुठे गेले? जवळजवळ सगळे एकाच जागी — हत्ती घेतला आणि राजा कोपऱ्यात पळवला. तिथेच वजिराने शह दिला असता तर मी जिंकत होतो! चूक कुठे झाली ते फोन सांगतो, ताई. का झाली, ते नाही सांगत.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला दांडी मारली, पट घेऊन अंबरनाथला गेलो, काकांच्या दारातच तो डाव मांडला. विचारलं, "काका, हत्ती का दिलात?" ते पटासमोर बसले. मग म्हणाले, "फुकट काही मिळालं की तू घाबरतोस, बाळा. मला माहीत होतं." उठले, आत जाता जाता म्हणाले, "चहा घेतोस, का फोनला विचारून सांगतोस?"

घेतला. माफी मागायची तेवढी राहिली. — जा ताई आता, रविवारी पाठवा पायलला. ती वही द्या इकडे.