सुमनचं ताट

खिचडी म्हटली की मला अजून आमची पेठ तालुक्यातली शाळा आठवते, बरं का. मी तिथं मास्तर होतो आणि शाळेत खिचडी नुकतीच सुरू झाली होती. मुलं घरून ताटं आणायची, आल्या आल्या ओट्यावर रचायची. मी आधी ताटं मोजायचो, स्वयंपाकाच्या बाईंना आकडा सांगायचो, मग हजेरी.

एके दिवशी ताटं बत्तीस आणि मुलं एकतीस!

"हे जास्तीचं कुणाचं रे?"

दुसरीतली जना उठली. "सुमनचं हाय, गुरुजी. ती आईबापासंगं पिंपळगावला गेली, द्राक्षांच्या कामाला."

"मग ताट इथं कसं?"

"माझ्याकडं देऊन गेली. म्हनली, ताट शाळेत असलं का गुरुजी नाव कमी करत नाय."

मी हजेरीत तिचं नाव ठेवलं, ताटही शाळेतच ठेवलं.

होळीला सुमन परतली ती थेट ओट्याकडं. ताट उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "गुरुजी, लय चकचकीत हाय! कोन घासायचं?"

मी खडू शोधायला लागलो. घरी मी साधा कप विसळत नाही म्हणून बायको आजही बोलते. तिच्यासमोर हा किस्सा काढू नका.