पारूची अळणी भाकर

अख्ख्या दिघीत जिभेवर माझ्याएवढा ताबा कुणाचा नाही. म्हणजे मी झोपलेला असलो, तर.

तरणा होतो तेव्हा पाय सुजले. म्हसळ्याचे वैद्य म्हणाले, "आठवडाभर मीठ-मासळी बंद. सूज उतरली नाही, तर मचव्यावर चढायचं विसर." कोळ्याला मचवा सोडायला सांगणं म्हणजे जिवंतपणी तेरावं! झालो कबूल. बायको, पारू, रोज अळणी भाकर बांधून द्यायची आणि मी खाडीकाठी जाळी सांधत बसायचो. दोन दिवस कसेबसे गिळले. तिसऱ्या दिवशी भरती अगदी मांडीला लागली. आता दर्या आपणहून ताटाशी आला, तर त्याला नाही कसं म्हणायचं? भाकर बुडवली नि खाल्ली.

घरी येऊन छाती फुगवून सांगितलं, "पारू, आजपण अळणीच!"

तिनं फडक्यातला उरलेला तुकडा तोंडात टाकला नि चावता चावता थांबली.

मी घाबरून म्हणालो, "अगं, तो कोंबड्यांना ठेव! तुझं कालवण हाय ना चुलीवर?"

"कसलं कालवण? तुमी एकटे कच खाल म्हून मीबी पहिल्या दिसापासनं अळणीच खातेय," पारू म्हणाली. "उद्या बुडवाल तवा माझीबी भाकर बुडवून आणा."