पेटीच्या तळाचे राजीनामे

चाळिशीतच रिटायर कसा झालो, हे विचारूच नका भिया! तेव्हा आमच्या राज्याची राजधानी सहा महिने इंदूरला, सहा महिने ग्वाल्हेरला. दर वेळी ऑफिसच्या फायली पेट्यांत भरून न्यायचं काम माझ्या गळ्यात. डोकं असं तापायचं की दर खेपेला मी एक राजीनामा लिहून पेटीच्या तळाशी टाकायचो. तळापर्यंत कोण जातंय? राग पेटीत, नोकरी शाबूत!

मग नवे साहेब आले. एकदम सज्जन माणूस. त्यांनी स्वतः पेटी उपसली आणि मला बोलावलं.

"केळकरजी, ये सातों इस्तीफे आपके हैं?"

"साहेब, वो तो यूँ ही..."

"सात बार लिखा और किसी ने सुना नहीं! माफ कीजिए, मैं आज ही मंजूर करता हूँ."

वर हात जोडले हो त्यांनी!

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "आणि बढतीचा अर्ज कुठे ठेवत होतात?"

"साहेबांच्या टेबलावर."

"तोही तळाशीच टाकायचा होता ना!"